तिसऱ्या अंकातली आई

गौरी-गणपतीच्या सुट्टीला मुलींचं वसतिगृह रिकामं झालं. मागे उरली एकटी मृण्मयी. परीक्षेला लावलेलं नाटक तिने दुपारी उघडलं. पहिल्या अंकात बाप गरजत होता, मुलगा उलट बोलत होता आणि ती जांभया देत पानं उलटत होती. दुसऱ्या अंकात बापाने मुलाला घराबाहेर काढलं, तेव्हा मात्र तिचे कान तापले. जूनमध्ये तीही अशीच निघाली होती. "नाटकच शिकायचं असेल तर या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस," बाबा म्हणाले होते आणि आई कपड्यांच्या घड्या घालत राहिली होती. बाबांपेक्षा आईचाच राग तिला जास्त आला होता.

तिसऱ्या अंकात ती नाटकातल्या आईचं वाक्य शोधू लागली. एकही नव्हतं. "भेकड बाई!" ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. मग वैतागून तिने नाटक पहिल्यापासून पुन्हा वाचलं आणि तिच्या लक्षात आलं, तिन्ही अंकांत त्या बाईला कुणी काही विचारलंच नव्हतं.

संध्याकाळ झाली होती. गेल्या तीन महिन्यांत आईचा एकही फोन तिने घेतला नव्हता. आज तिनेच लावला.

"आई, मी नाटक शिकायला आले, ते तुला कसं वाटलं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"थांब हं," आई हळूच म्हणाली. "गॅस बंद करते, दार लोटून घेते. मग सांगते."