वळणाच्या आधी

"पुन्हा नाही थांबलं," हर्षद म्हणाला.

पडद्यावरचं विमान रेषा ओलांडून पुढे गेलं. समोर दिव्याच्या कांड्या धरून उभा असलेला माणूस विमानाच्या नाकाखाली नाहीसा झाला. खेळच तो. पुढच्या डावाला माणूस परत जागेवर हजर.

"पुन्हा लावा," मागून दीपाली म्हणाली.

बाहेर भाट्याच्या सुरुबनावर फाल्गुनातलं ऊन रणरणत होतं आणि खोलीत स्पीकरमधून पाऊस कोसळत होता. हर्षदने तो मुद्दाम लावला होता, गेल्या आषाढातल्यासारखा. तेव्हा तो खरीखुरी विमानं चालवायचा. मुंबईच्या विमानतळावर विमान जागेवर लावताना थांबलं नाही आणि खाली इशारे देणारा एक कर्मचारी त्याखाली सापडून गेला. ओल्या काँक्रीटवर थांबणं शक्यच नव्हतं, असं त्याने चौकशीत सांगितलं आणि ते मानलंही गेलं. आता पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचं होतं. पण एकदा तरी हे विमान थांबलं पाहिजे, नाहीतर आपण पुन्हा उडत नाही, असं त्याने मनाशी घेतलं होतं. तो मनातून पार घाबरलेला होता.

दीपाली मागच्या खोलीत भाड्याने राहायची. राजापूरची, शाळेत शिक्षिका, नवरा मुंबईत, असं ती सांगे. रत्नागिरीत निम्म्या बायकांचे नवरे मुंबईत, त्यामुळे पुढे कोणी काही विचारत नाही. शाळा सुटली की ती येऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहायची.

गोदूआत्याला ते खुपत होतं. "घोव तिचा मुंबयत नि ही रोज हितं विमानां बघत उभी," ती भाच्याला म्हणायची. "वाडीत कुजबूज सुरू झाली हो!"

हर्षद हसून सोडून द्यायचा. मात्र तो दीपालीला ताई म्हणत नसे, हे काही आत्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. खरं सांगायचं तर दारात तिच्या चपलांचा आवाज आला की त्याला बरं वाटायचं.

"एक विचारू?" दीपाली म्हणाली. "ह्या माणसाला चेहरा का नाही?"

हर्षदने वाकून पाहिलं. खरंच, टोपीखाली नुसता गुळगुळीत रंग होता.

"त्याच्याकडे कोण बघतंय? सगळे विमान बघतात."

"मी बघते."

हर्षदने डाव पुन्हा सुरुवातीला नेला.

"आणि तुम्ही नेहमी वळणानंतरच का सुरू करता?" तिने विचारलं.

"चौकशीतही तिथूनच मोजलं होतं. वळल्यावर ब्रेक दाबला, तरी घसरत गेलं."

"आज जरा आधीपासून लावा ना."

हर्षदने विमान मागे, लांबच्या सरळ वाटेवर नेलं. वेग पंचवीस.

"त्या दिवशी एवढाच होता. उशीर झाला होता आम्हाला."

"मग वळणाच्या आधी काय करतात?"

"थ्रॉटलचा दांडा मागे घ्यायचा. वेग दहावर आणायचा आणि मग वळायचं."

"घ्या मग."

त्याने दांडा मागे ओढला. इंजिनाचा आवाज उतरला. आकडा वीसवर आला, पंधरावर आला, दहावर आला. भरलेल्या एस्टीसारखं विमान सावकाश वळलं. त्याने ब्रेक नुसता टेकवला. पाऊस पडतच होता. विमान रेषेवर उभं राहिलं आणि समोरच्या माणसाने दोन्ही कांड्या डोक्यावर आडव्या धरल्या.

हर्षद ताडकन उठला. त्याचे डोळे भरून आले.

"थांबलं! दीपाली, थांबलं! किती सोपं होतं हे!"

दीपाली पडद्यावरच्या माणसाकडे बघत राहिली. मग ती त्याच्याकडे वळली.

"मग त्या दिवशी माझ्या नवऱ्यासमोर का नाही थांबवलंत?"