स्टुलाची उंची

"माझ्या पाळीत एकही झाकण वाकडं निघालं नाही," वनमालेनं सुपरवायझरला ठणकावलं. दुसऱ्या पाळीच्या नसीमनंही काल हेच सांगितलं होतं.

"उद्याही माल बिघडला, तर दोघींना पॅकिंगला पाठवतो," तो म्हणाला.

दोघींचं प्लास्टिकच्या झाकणांचं मशीन एक, स्टूलही एकच. नसीम ताडमाड. तिनं चढवून ठेवलेलं स्टूल रोज सकाळी फिरवून खाली आणताना बुटकी वनमाला तिचा उद्धार करायची. आज निघताना मात्र तिच्या मनात आलं, दुपारी तीही आपला असाच उद्धार करत असणार. तिनं स्टूल फिरवून उंच करून ठेवलं.

नसीम आली. सवयीनं स्टूल फिरवायला वाकली आणि तशीच थांबली.

"हे कुणी केलं?"

"भुतानं," डबा पिशवीत कोंबत वनमाला म्हणाली.

नसीम हसली नाही. मशीनकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असतं ना, तेवढ्यात साचा गार होतो. सुट्टीनंतरची माझी पहिली झाकणं वाकडीच निघतात."

वनमालेनं पिशवी खाली ठेवली. सुपरवायझर आसपास नाही ना, ते आधी पाहिलं.

"माझीही," ती म्हणाली.