लख्ख उजेड

ठकुबाईनं पोतं टेबलावर धाडकन आपटलं. आत काहीतरी कचकन वाजलं.

"हळू मावशी!" कुमार ओरडला. "मीटर हाय त्यात!"

"भंगार हाय समदं. ठिवून घे. माझ्या घरात परत न्हाई पायजे."

नसरापूरच्या एसटी स्टँडसमोर कुमारचं दुरुस्तीचं दुकान होतं. पोत्यातली एकेक वस्तू ठकुबाईच्या सुनेनं, रत्नानं, इथूनच नेलेली: सोल्डरिंग गन, मीटर, कथलाची तार, बारके स्क्रू ड्रायव्हर. लग्नाआधी ती वरव्याजवळच्या कंपनीत सर्किटवर कथील चढवायची. लग्नानंतर नोकरी सुटली, हाताची सवय सुटली नाही. घरात काही बंद पडलं की ती उघडून बसायची. आज मात्र ती थर्माकोलची पेटी छातीशी धरून सासूच्या मागं उभी होती, चोरी पकडल्यासारखी. दहा दिवसांनी माहेराहून, पासलीहून, आत्ताच एसटीतून उतरली, तर सासू पेटी आणि पोतं घेऊन स्टँडवरच हजर. घरी नेलं नाही की पाणी विचारलं नाही.

"हिनं मोबाईलवर बघून मशीन केलं," ठकुबाई अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "म्हणली, खुडूक कोंबडी नगं का काय नगं. एकवीस दिसांत पिल्लं. म्या आळीतनं साठ अंडी गोळा केली. गावरान! समद्यांला पिल्लं कबूल केली. काल एकवीस दिस भरले. एक फोडलं, तर ह्यो वास! साठच्या साठ खड्ड्यात पुरली. शेजारची धोंडाबाई तोंडावर म्हणती, सुनंचं शिक्षान नासलं व्हय गं, ठके? कुठं तोंड लपवू म्या?"

मशीन तसं साधं होतं. पेटीत कोंबडीच्या पोटाखालच्याइतकी ऊब राहावी म्हणून साठ वॅटचे दोन पिवळे बल्ब. ऊब पुरी झाली की ते विझवायचे, गार पडलं की लावायचे, एवढं काम लाल आकड्यांच्या बारक्या सर्किटचं. लाइट गेली तर पंचाईत नको म्हणून कुणीतरी टाकून दिलेला इन्व्हर्टर रत्नानं दुरुस्त करून जोडला होता. हे सगळं सासूला समजवायला ती चारदा गेली आणि चारही वेळा "मला नगं शिकवू" ऐकून परत आली. मग आईचा पाय मोडल्याचा फोन आला. निघताना तिनं एवढंच सांगितलं, अंडी फिरवायची बाहेरची दांडी सकाळ-संध्याकाळ हलवा, झाकण उघडू नका. पासलीहून ती रोज फोन करायची. बल्ब लागतायत ना? सासू रोज सांगायची, "लख्ख!"

कुमारनं रत्नाच्या हातातल्या पेटीवरचं सर्किट सोडवून टेबलावर घेतलं आणि चालू केलं. लाल आकडे उमटले. सेन्सरची वायर त्यानं आपल्या चहाच्या ग्लासात बुडवली. टक्. बाहेर काढून पुसली, फुंकर मारत बसला. पुन्हा टक्. उबेला बंद, गारव्याला चालू.

"चोख हाय, मावशी. सर्किटात काय बी खोट न्हाई."

"मंग हिचा हातच अवलक्षणी!"

रत्नाच्या मस्तकात तिडीक गेली. दहा दिवस आईची उठबस करून ती आली होती. एसटीत बसल्यापासून पिल्लांचा विचार करत होती. आणि तिला विचारायचं सोडून तिच्या हाताचा निवाडा भर स्टँडवर होत होता. तिनं पेटी टेबलावर ठेवली आणि झाकण ओढून काढलं.

तिनं आत बघितलं.

"हे बल्ब कुणी लावले?"

"म्या," ठकुबाई ताठ मानेनं म्हणाली. "तू गेलीस त्याच दिशी. तुझे ते पिवळे लाइट लई खात्यात. बचतीचे पांढरे लावले. उजेड कसला पडला म्हाईत हाय? शेजारणी बघाय आल्या. आन झाकण एकदाच उघडलं हां, पुन्ना हात न्हाई लावला."

कुमारनं मान खाली घातली. रत्ना बोलली असती तर सात पिढ्या निघाल्या असत्या. तिनं दोन्ही पांढरे बल्ब पेटीतून काढले, एक कुमारच्या टेबलावरच्या होल्डरला लावला आणि सासूचं मनगट धरलं. लग्नानंतरच्या सहा वर्षांत पहिल्यांदा.

"धरा."

ठकुबाईनं पेटलेला बल्ब मुठीत धरला. निवांत धरला.

शेजारीच कुमारचा तपासणीचा पिवळा बल्ब सकाळपासून जळत होता. रत्नानं तोच हात तिकडं नेला. बोटं टेकायच्या आतच ठकुबाईनं तो झटक्यानं मागं घेतला.

"ऊब सर्किट देत न्हाई, आत्याबाई, बल्ब देतो," रत्ना म्हणाली. "ते बिचारं दहा दिवस सांगत व्हतं, गार हाय, गार हाय. आन हे दोन नुसता उजेड पाडत बसले. तुमी मला एका शब्दानं इचारलं असतं तर?"

ठकुबाई आपल्या तळहाताकडं बघत राहिली. जन्मभर हाच हात खुडूक कोंबडीच्या पोटाखाली घालून तिनं ऊब बघितली होती. तिला आणखी कुणी काही समजवायची गरज नव्हती. कानापर्यंत लाल झाली, पण चुकलं म्हणायची तिला सवय नव्हती.

"मेला नुसता उजेडच!" होल्डरवरचा बल्ब तिनं पिळून काढला आणि कुमारवर खेकसली, "बघतोस काय? पिवळे हायत का? दे दोन."

कुमारनं फळीवरून दोन पिवळे बल्ब काढून दिले. पेटी आवरायला जागा करावी म्हणून त्यानं टेबलावरचं पोतं एका हातानं रत्नाकडं ढकललं.

"आरं हळू, मेल्या!" ठकुबाई दोन्ही हात पुढं करून ओरडली. "मीटर हाय त्यात!"