लंगडी कोंबडी

"हात मागे!" बायको म्हणाली आणि आचाऱ्याने उचललेला चमचा मुकाट्याने ओट्यावर ठेवला.

गॅसवर मटाराचं सूप रटरटत होतं. त्याला चिमूटभर मिरपूड कमी पडली होती, हे आचाऱ्याला नुसत्या वासावरून कळत होतं. पण बोलायची सोय नव्हती. बायकोने सकाळपासून एकच पालुपद लावलं होतं, की आज तुम्ही पाहुणे. पाहुण्यांनी बाहेर बसायचं, हाक मारली की जेवायला यायचं आणि छान झालंय म्हणायचं.

"बटाटे तेवढे एकदा हलव," तो दारातून म्हणाला. "खालून लागतील."

"लागू देत. माझ्या भावाला लागलेलेच आवडतात."

हे त्याला नवीन होतं. त्याची उभी हयात हॉटेलच्या भटारखान्यात गेली होती. सुट्टीत जग घरी जातं आणि आचारी कामावर, हा त्या धंद्याचा नियमच. हिवाळ्याच्या सुट्टीतल्या या जेवणाला तो आजवर कधी घरी नव्हता. यंदा निवृत्त झाला म्हणून तावडीत सापडला. नवा शर्ट घालून तो घरभर येरझाऱ्या घालत होता, आणि खरं सांगायचं तर मनातून घाबरला होता. गावभरच्या लोकांना जेवू घातलेला हा गडी आपल्याच घरच्या टेबलावर कसं बसायचं, या काळजीत होता.

मंडळी आली. मेव्हणा आला, मुलगी-जावई आले. थंडीचे कोट एका खुर्चीवर ढीग होऊन पडले. टोकाच्या खुर्चीत मेव्हणा असा बसला की जणू ती त्याच्यासाठीच घडवली होती. स्वयंपाकघराच्या दाराशी मुलगी, तिच्या शेजारी जावई. परवा-परवा घरात आलेल्या जावयालासुद्धा आपली जागा विचारावी लागली नाही. आचारी आपला खिडकीशी उभा राहून पडदा सारखा करत होता. पडद्याला काही झालेलं नव्हतं.

इतक्यात बायको मोठ्या ट्रेमध्ये भाजलेली कोंबडी घेऊन आली. मेव्हण्याने चमच्याने टेबल बडवलं.

"आली बघा आमची लंगडी कोंबडी!"

सगळे खो खो हसले. मुलीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. आचारीही हसला. कोंबडीची एक तंगडी गायब होती, ते त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पण ओव्हनमधून काढताना तुटली असेल, बायकोची फजिती नको, म्हणून तो गप्प बसला होता. पण यात एवढं हसण्यासारखं काय होतं? कारण माहीत नसताना चारचौघांत हसणं किती अवघड असतं, हे त्याला आज कळलं. आपल्या घरात आपणच नवखे.

"बाबा, बसा ना," म्हणत जावयाने कोट उचलले आणि ती खुर्ची पुढे सरकवली.

आचारी बसला. बायको वाढत वाढत त्याच्यापर्यंत आली आणि तिचा हात थांबला. त्याच्यापुढे नुसता टेबलक्लॉथ होता. ताट नव्हतं, वाटी नव्हती, पाण्याचा ग्लासदेखील नव्हता.

"अगं बाई!" ती म्हणाली.

"असू दे, असू दे," आचारी घाईघाईने म्हणाला. "तुम्ही घ्या जेवून. मी मागून बसतो, मला सवय आहे." तो हसून म्हणाला खरा, पण ते त्याच्या चांगलंच जिव्हारी लागलं होतं.

मुलगी ताट आणायला आत पळाली. आतूनच ओरडली, "आई! हे काय करून ठेवलंयस?"

ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात ताट होतं आणि दुसऱ्या हातात घट्ट झाकणाचा डबा.

त्या डब्याला आचारी चांगला ओळखत होता. दरवर्षी या दिवशी काम संपवून तो परते तेव्हा घर झोपलेलं असे आणि ओट्यावर हा डबा असे. तो उभ्या उभ्याच खाऊन घेई. चरबी थिजलेली, बटाटे गारढोण. सगळ्यांचं जेवून उरलेलं आपल्यासाठी ठेवलंय, असंच तो समजत आला होता आणि त्यात त्याला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

"हात सवयीने चालला हो," बायको रडवेली होऊन म्हणाली. "कोंबडी ओव्हनमधून निघाली की आधी तुमचा डबा भरते. आजही भरला. ताटंही नेहमीइतकीच मांडली. सकाळपासून तुम्हाला पाहुणे म्हणतेय, पण मांडताना तुम्हीही टेबलावर असणार, हे डोक्यातच आलं नाही."

"आधी भरतेस?" आचाऱ्याने विचारलं.

"मग? या लोकांच्या हाती लागल्यावर काही उरतं का?"

"भावोजी, माझी कित्येक वर्षांची तक्रार आहे," मेव्हणा म्हणाला. "या घरात दोन तंगड्यांची कोंबडी मी अजून पाहिलेली नाही!"

पुन्हा हशा पिकला. आचाऱ्याने डब्याचं झाकण काढलं. वाफ थेट त्याच्या चष्म्यावर आली. आत एक अख्खी तंगडी होती आणि तिच्याभोवती निवडून ठेवलेले, कुठेही न लागलेले बटाटे. मग तोही हसायला लागला, आणि सगळे थांबले तरी त्याचं हसू थांबेना.

"द्या बाबा, ताटात काढते," मुलगी म्हणाली.

आचाऱ्याने डबा आपल्याकडे ओढून घेतला. "राहू दे. यातच खातो."

"अहो, डब्यात काय?" बायको म्हणाली. "घरी आहात ना आज?"

"म्हणून तर," आचारी म्हणाला. "हा डबा मला गरम कधी मिळालाच नव्हता."