शेवटचा नंबर

“मास्तर, तुम्ही अजून मागे सरका,” सिस्टर म्हणाली आणि तिने किराणावाल्याच्या नातवाला पुढे घेतलं.

शिंप्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तपासणी शिबिरासाठी शाळेचं फाटक उघडायच्या आधी येऊन त्याने पहिला नंबर लावला होता. लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर शहरातून यायचे ते सहा महिन्यांतून एकदा. त्याची लेक जरा पळाली की तिचे ओठ निळे पडायचे, धापा टाकत ती मटकन खाली बसायची. आणि किराणावाल्याचा नातू? तो बाकावरून उड्या मारत होता!

यात काहीतरी काळंबेरं होतं. किराणावाल्याने सिस्टरचे हात ओले केले असणार. नाहीतर मग कारण तो गणवेश असणार. गेल्या महिन्यात सिस्टरचा गणवेश शिवताना शिंप्याच्या हातून तंग झाला होता. “माप माझं घेतलंत की माझ्या धाकट्या बहिणीचं?” असं ती भर दुकानात म्हणाली होती. बाई तेव्हाचा राग असा काढत होती तर.

ऊन उतरलं. रांग सरत आली. लेक त्याच्या मांडीवर झोपली होती. दिवसभर पोरं तपासून दमलेले डॉक्टर आता हिला काय धड बघणार, या विचाराने त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

सगळ्यांत शेवटी सिस्टरने त्यांना आत सोडलं. डॉक्टरांनी पोरीच्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही.

“अजून कुणी आहे बाहेर?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही, साहेब.”

“मग हिला सोबतच शहरात, इस्पितळात नेतो. चला, दोघं गाडीत बसा.”

शिंपी गाडीत बसला तरी त्याला काही उमगेना. सिस्टर दार लावायला आली.

“असं पोर सकाळी सापडलं की साहेब इस्पितळाची चिठ्ठी देतात,” ती हळूच म्हणाली. “रांग टाकून निघणार कसे? चिठ्ठीवाल्यांना तिकडे लांबची तारीख मिळते. सगळी पोरं तारखेपर्यंत टिकत नाहीत.”

“मग मला आधी सांगायचं ना, सिस्टर!”

“सांगितलं असतं तर सगळेच शेवटचे झाले असते.”

तिने झोपलेल्या पोरीचा फ्रॉक गुडघ्यांवर सारखा केला.

“माझ्या पोराचा नंबर मी पहिला लावला होता, मास्तर.”