अंगणातला एकच प्लग

कॉनीने आपली स्पोर्ट्स कार इथेनॉलवर चालवायला घेतली, तेव्हापासून गाडीची ताकद वाढली आणि घरातलं या 'राणी'चं कौतुक त्याहून जास्त वाढलं. फक्त स्वीडनमधल्या उमेओच्या थंडीत इथेनॉल लवकर पेटत नाही, म्हणून अंगणातल्या एकुलत्या एका प्लगला हिवाळाभर तिच्याच इंजिनाचा हीटर जोडलेला असे. बाजूला त्याच्या बायकोची, इंगेलाची, साधी गाडी बर्फात गोठत उभी राही.

"रोज तिच्यावर गोधडी घालतोस, आता अंगाईही म्हण," इंगेला जेवताना नवऱ्याला म्हणाली.

"अगं, तिला थंडी सोसत नाही."

"आणि मला सोसते? लग्न झाल्यापासून माझी गाडी एकदा तरी गरम करून ठेवलीस का? एकदा?"

कॉनी खाली मान घालून उकडलेला बटाटा सोलत राहिला.

सकाळी पारा उणे सव्वीसवर होता. कामावर निघालेली इंगेला पायरीवरच थबकली. हीटरची वायर आज तिच्या गाडीला लावलेली होती. काचेवरचा बर्फ खरवडून काढला होता. तिने हातमोजा काढून बॉनेटवर हात ठेवला. ते चक्क कोमट होतं. कॉनी जाड कोट घालून शेजारीच उभा होता. काल आपण उगाच बोललो, असं वाटून तिचे डोळे भरून आले.



"चल, किल्ली दे लवकर. राणी काही केल्या सुरू होत नाहीये, तिला मोठी बॅटरी आणतो. तू आज बसने जा."