प्रत्येकाचा वाटा

उन्हाच्या लाटेत बाबा आपल्या खोलीतच वारले. एसी बंद होता. मागच्या उन्हाळ्यात "माझ्या एकट्याच्या एसीने काय जग तापतंय होय रे?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या मुलाने त्यांना तासभर समजावलं होतं: दोष लाखो जणांत वाटला गेला, तरी कुणीच सुटत नाही. त्या दिवसापासून बाबांनी एसी लावला नव्हता.

डॉक्टर हळूच म्हणाले, "वय होतं, हृदय थकलेलं, त्यात हा उकाडा. एकाच कारणावर बोट नाही ठेवता येत, सर."

असल्या वाक्यांच्या चिंध्या करण्यात प्राध्यापकांची उभी हयात गेली होती. दाराबाहेर ताई एसीचा रिमोट मुठीत धरून भावाकडे रोखून पाहत बसली होती.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हे जरा ताईलाही सांगाल?"